‘कन्सेक्युटिव्ह’ मीटिंगा: मधले दोन महिने गेले तर साखळी तुटते का?

दर्यावर्दी: मालवणातल्या आमच्या मच्छीमार मंडळाची घटना इंग्रजीत आहे. कोणी वकिलाने कधीतरी करून दिलेली. तिच्यात लिहिलंय की तीन ‘कन्सेक्युटिव्ह मंथली मीटिंग्ज’ना न कळवता गैरहजर राहिलं की समितीतलं पद जातं. एक सभासद एप्रिल-मेच्या सभांना आला नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दिवसांत कोण भातलावणीला, कोण जाळी शिवायला, सभा होतच नाहीत. ऑगस्टलाही तो आला नाही. अध्यक्ष म्हणतात, पद गेलं. माझं मत, नाही गेलं. कन्सेक्युटिव्ह म्हणजे मधे खंड नको, इथे तर दोन महिन्यांचा खंड आहे.

खाडीकाठ: साफ चूक. दिवस मोजायचे नाहीत, सभा मोजायच्या. मेनंतरची पुढची सभा कुठली? ऑगस्टची. संपलं. ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज मर्व्ह ह्यूजेस, त्याची १९८८ची पर्थची हॅटट्रिक आठवा. षटकाच्या शेवटच्या चेंडूवर एक बळी, पुढच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर दुसरा, तिथे विंडीजचा डाव आटोपला. मग ऑस्ट्रेलियाची अख्खी फलंदाजी झाली आणि दुसऱ्या डावात त्याच्या पहिल्या चेंडूवर ग्रीनिज. तरी ती हॅटट्रिकच, कारण चेंडू त्याचे लागोपाठचे होते.

सुरमई: क्रिकेटवरून कोणाचं पद घालवणार का? संविधान बघा, कलम १०१(४). खासदार परवानगीशिवाय ६० दिवस गैरहजर राहिला तर सभागृह त्याची जागा रिकामी जाहीर करू शकतं. पण सत्रसमाप्तीचा काळ, किंवा लागोपाठ चार दिवसांपेक्षा जास्त तहकुबीचा काळ, त्या साठात धरत नाहीत. म्हणजे बंद काळाचा विचार व्हायलाच हवा. दर्यावर्दी, तुमची बाजू बरोबर.

खाडीकाठ: अहो, हा तर माझाच मुद्दा झाला! ते दिवस धरत नाहीत, एवढंच. मोजणी पुन्हा एकपासून सुरू करा असं कुठे म्हटलंय? तुमचे जून-जुलै वगळा, एप्रिल-मे-ऑगस्ट उरतात.

झावळी: मोजायचं काय, हे ठरल्याशिवाय वाद मिटणार नाही. हवामान खातं उष्णतेची लाट जाहीर करतं ते निकष लागोपाठ दोन दिवस पुरे झाल्यावर. सोमवार आणि बुधवार चालत नाही, कारण तिथे दिवसच मोजायचा असतो. तुमच्या कलमात ‘मंथली’ शब्द नसता तर मी डोळे मिटून खाडीकाठांच्या बाजूने गेलो असतो. आता मात्र ‘महिन्यामागून महिना’ असाही अर्थ निघतो. घटना लिहिणाऱ्याने बंदीचा विचारच केलेला दिसत नाही.

बांगडो: सभाच झाली नाय, तर माणूस गैरहजर खंय रवतलो? पण ऑगस्टाची सभा झाली मां? थंय कित्याक इलो नाय, ता इचारा आधी.

झावळी: आणि ऑगस्टच्या सभेची नोटीस त्याला मिळाली होती का? ती मिळालीच नसेल तर तिसरी गैरहजेरी धरणार कशी?

दर्यावर्दी: नोटीस व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली होती. तो मे महिन्यातच ग्रुप सोडून गेला होता.