रविवारची सहल: बोटीत बसायचं कुठून?

मंदार (सहल समिती):
बसवाल्याचा फोन होता. दम्नोन सदुआकला, म्हणजे थायलंडमधल्या त्या कालव्यावरच्या तरंगत्या बाजाराला जाताना, तो त्याच्या नेहमीच्या धक्क्यावर सोडणार म्हणतो. तिथून इंजिनाची बोट, भाडं माणशी. बाजारापर्यंत बस न्यायला तयार नाही. उद्या ॲडव्हान्स द्यायचाय, लवकर कळवा.

सुलभाताई:
मंदार, त्या धक्क्याचं नाव काढू नकोस! गेल्या खेपेला तिथेच तर कापलं आपल्याला. "चालत जायला रस्ताच नाही" म्हणे. आहे रस्ता. कालव्याच्या काठाने वाट आहे, वर पूल आहेत, छदाम न देता सगळा बाजार दिसतो. ज्यांना हौस आहे त्यांनी आत जाऊन वल्ह्याची होडी घ्यावी. इंजिनवाली नुसते तुषार उडवते, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

नाना:
सुलभा, वल्ह्याची होडी पाण्याला टेकलेली असते. माझे गुडघे तिथे वाकतील, पण परत उभे कोण करणार? आणि दम्नोनच कशाला? थायलंडचा राजा चौथा राम याच्या काळात, १८६६ ते ६८, मे क्लोंग आणि था चीन नद्या जोडायला हा ३२ किलोमीटरचा कालवा खणला. त्यावरून बागांचा माल जायचा. आता त्या कालव्यात फ्रिजवर चिकटवायचे हत्ती विकतात. था खाच्या तरंगत्या बाजाराला चला. तिथे बायका अजून घरची केळी-नारळ घेऊन येतात.

प्रिया:
नानांचं था खा दर वर्षी येतं. पण माहिती बरोबर आहे. तो बाजार मुळात तिथीवर भरतो, शुद्ध-वद्य द्वितीया, सप्तमी, द्वादशी, कारण त्या दिवशी भरती सोयीची असते. शनिवार-रविवारीही असतो, म्हणजे कालनिर्णय काढायला नको.

वीणा:
मला फक्त जेवणाचं सांगा. सासूबाई येताहेत. होडीतल्या नूडल्सच्या रश्श्यात रक्त असतं हे खरं का?

सुलभाताई:
बहुतेक ठिकाणी असतं. थाईत "जे" म्हणून सांगायचं, म्हणजे मांस नाही, फिश सॉस नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. पण होडीत पातेलं एकच, तेव्हा आशा धरू नकोस. खानोम क्रोक खाऊ दे त्यांना. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, आणि पात्र हुबेहूब आपल्या आप्प्यांचं. कडा कुरकुरीत, मधे लुसलुशीत, तोंड भाजतं एवढं गरम. वर कांद्याची पात नको म्हणायचं.

वीणा:
पात्र बिडाचं असतं का हो? मला घ्यायचंय.

अभिजित:
सगळे सकाळीच का निघताय? अम्फावाचा तरंगता बाजार शुक्रवार ते रविवार, दुपारनंतर रंगतो, अंधार पडल्यावर बोटीतून काजवे. जाताना मे क्लोंग गावात रेल्वेच्या रुळांवरचा भाजीबाजारही होतो. गाडी आली की छपरं मागे घेतात, गेली की पुन्हा वांगी रुळाला खेटून.

नाना:
काजव्यांना उशीर होतो. सोमवारी ऑफिस तुम्हा लोकांना असतं, मला नाही, तरी सांगतो.

मंदार:
अहो, धक्क्याचं बोला! दम्नोन रोज असतं, पण दुपारपर्यंत आवरतं. बसवाला बाजाराच्या पार्किंगला सोडायला कबूल झालाय, जादा पाचशे बात घेऊन. पहाटे सहाला निघायचं. होकार कळवून टाकला.

खजिनदार:
पाचशे कुणाला विचारून?