हाडाचं लॉकेट आणि देवघर

कानसवाली, कोराडी रोड
काल आपल्या नागपूरच्या या चर्चेत महालच्या काकांनी लिहिलं, ‘धरमपेठेतल्या प्रदर्शनात हाडाचे दागिने! मेल्या जनावराचं गळ्यात बांधून देवघरात जायचं?’ ते दागिने माझे होते, म्हणून सविस्तर लिहिते.

मी म्हशीच्या पायाची नळी वापरते. खाटकाकडं ती फेकायलाच निघालेली असते. आतला मगज काढायचा, भांड्याच्या साबणाच्या पाण्यात भिजवायची, पाणी बदलत राहायचं. चरबी सुटायला आठवडे लागतात. घाई केली की पुढं पिवळे तेलकट डाग वर येतात. ब्लीचनं हाड भुसभुशीत होतं, म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड. मग करवत, कानस, पॉलिशपेपर. तोंडाला मास्क, कारण भुकटी छातीत जाते. घासताना जळक्या केसांसारखा वास येतो, तो सोसते. शेवटी चांदीच्या तारेत स्फटिक नाहीतर जमुनिया, म्हणजे जांभळा खडा.

काका, घरी कोसा रेशीम नेसतात ना? त्यासाठी कोशातला किडा उकळला जातो. भजनाचा तबला बकऱ्याच्या कातड्यानंच मढवलेला. देवघरातला शंख तरी कुणाचा?

महालचे काका
शंख आणि हाड एक नाही. आमच्या आईनं हाडाला हात लागला तर आंघोळ करायला लावली असती. माझ्या सुनेनं ‘हस्तिदंती रंग’ ऐकून एक पेंडंट घेतलं आणि सत्यनारायणाला घालून बसली. नंतर कळलं हाड आहे. रडली पोरगी. दुकानदारानं सांगायला नको?

पेंचफेरी
काका, विटाळापेक्षा मोठं दुखणं वेगळं आहे. जंगलात गळून पडलेलं चितळाचं शिंग उचलून लोक लॉकेट करतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, शिंग आपोआप पडलेलं असलं तरी. आणि वाघनख तर विचारूच नका.

इतवारीकर
काहून नका विचारू? माह्या आज्याचं वाघनख आहे, सोन्यात मढवलेलं. आजा शिकारी नव्हता. घरातल्या प्रत्येक पोराच्या गळ्यात नजर लागू नये म्हणून बांधलं. आता जेलात टाकता का?

पेंचफेरी
२००३ साली नियम निघाले, घरातल्या अशा वन्यप्राण्यांच्या वस्तूंची १८० दिवसांत वनखात्याकडं नोंद करायची मुदत होती. केली होती? शिवाय बाजारातली कितीतरी वाघनखं गुरांच्या खुरातून नाहीतर शिंगातून कोरलेली असतात. तुमचंही तसंच असेल.

इतवारीकर
जीभ सांभाळा जी! आमच्या घरच्या वस्तूला खोटी म्हणता? माह्या बापाच्या बारशाच्या फोटोत आहे ती!

पेंचफेरी
खोटी असावी अशीच माझी इच्छा आहे. खरी असेल तर त्यामागं एक मेलेला वाघ आहे. विदर्भात राहून एवढं कळू नये? फासात अडकून पाय कापला गेलेली वाघीण मी डोळ्यांनी पाहिली आहे. तेव्हापासून कुणाच्या गळ्यात नख दिसलं की अन्न जात नाही.

दगडमास्तर
स्फटिकावर कुणी बोलतच नाही! माझ्या बायकोनं ‘ऊर्जा’ म्हणून स्फटिकमाळ आणली. भिंगातून पाहिलं तर आत गोल बुडबुडे, निव्वळ काच. खऱ्या स्फटिकाचा कठीणपणा मोहसच्या १ ते १० च्या मोजपट्टीवर ७, काचेवर ओरखडा ओढतो. ऊर्जा वगैरे काही नाही, तो वाळूचाच शुद्ध भाऊ. पण दागिना म्हणून ताईंचं काम मला पटतं. आपल्या नागपूरजवळच्या माहुरझरीला महापाषाणकाळापासून, म्हणजे मोठे दगड रचून थडगी बांधायचे तेव्हापासून, अकीक दगडाचे मणी घडत होते. ही कला इथलीच.

कानसवाली, कोराडी रोड
ऊर्जेचं मी कधीच सांगत नाही. काका, सुनेचं वाचून वाईट वाटलं. पेंडंट माझं नसलं तरी चूक आमच्याच धंद्याची. उद्यापासून प्रत्येक पुड्यावर ‘म्हशीचं हाड’ ठळक लिहिते. हस्तिदंताशी घोळ नको असेल तर भिंगातून बघा, हाडात बारीक काळे ठिपके आणि रेघोट्या दिसतात. हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी.

महालचे काका
लिहा. घालणार आम्ही नाहीच. पण तबल्याचं बोललात ते रात्रभर डोक्यात होतं.

इतवारीकर
पोराच्या गळ्यातून काढून ठेवलं. सोमवारी वनखात्यात जाऊन विचारतो. पण माह्या आज्याला खोटं म्हटलेलं मी विसरणार नाही.