मैलभराच्या नेमबाजीला .३३८ पुरतं, उरलेला पैसा स्कोपला लावा

माळरान (वेस्ट टेक्सस)
चार वर्षं स्टीलच्या पाट्यांवर लांब पल्ल्याची नेमबाजी करतोय. आमच्याकडे नवा माणूस आला की त्याला पहिला सल्ला मिळतो, "थेट .३७५ चेटॅक घे." (हे आकडे गोळीच्या जाडीचे, इंचात; .३७५ चं काडतूस .३३८ पेक्षा मोठं.) मला हे अजिबात पटत नाही. आमच्या रेंजवर शेवटची पाटी एक मैलावर, म्हणजे १६०९ मीटरवर आहे. तिथवर .३३८ लापुआ मॅग्नमची ३०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी जाते, नळीही जास्त टिकते.

खरी गोम स्कोपमध्ये आहे. गोळी वाटेत खाली येते, म्हणून स्कोपचा नेम तेवढा वर चढवायचा. समुद्रसपाटीच्या हवेत मैलभरासाठी साधारण १७ मिलिरेडियन (कोनाचं माप, हजार मीटरवर एक मीटर) चढवावे लागतात. माझा स्कोप नाइटफोर्स, ७ ते ३५ पट मोठं दाखवणारा. त्याचा एकूण प्रवास, म्हणजे नेम वर-खाली सरकवायची मर्यादा, २९. शंभर मीटरवर शून्य केलं (नेम आणि गोळी एका जागी जुळवली) की वर चढायला जेमतेम निम्मा उरतो. स्कोपखाली २० मिनिटांचा (अंशाचा साठावा भाग तो मिनिट) तिरका बेस टाकला तेव्हा आणखी ६ मिळाले आणि काम भागलं. त्याआधीचा माझा स्कोप स्वस्तातला होता. टरेटवर (नेम सरकवायच्या चकतीवर) १० फिरवले की रेटिकल, म्हणजे आतली नेमाची खूण, ९.७ च सरकायचं. मैलावर ही चूक पाऊण मीटरच्या पुढे जाते. दोन महिने मी काडतुसं बदलत बसलो होतो. शेवटी शंभर मीटरवर उभी मोजपट्टी लावून एकेक मिलिरेडियन तपासला, तेव्हा चोर सापडला.

उंचावरून (न्यू मेक्सिको)
स्कोपचं मान्य, काडतुसाचं नाही. .३३८ मैलावर पोचते, पण कोणत्या अवस्थेत? समुद्रसपाटीच्या हवेत तोवर तिचा वेग ध्वनीच्या वेगापाशी उतरलेला असतो. तिथे गोळी डगमगायला लागते, मग सॉफ्टवेअरने काढलेला आकडा आणि पाटीवरचा डाग जुळत नाहीत. .३७५ ची ३५० ग्रेनची गोळी ९०० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास निघते आणि मैलावरही तिच्यात दम असतो.

दुसरं असं की चुकलेली गोळी दिसायला हवी. .३७५ ने मातीत उडवलेला धुरळा सोबत्याला स्पॉटिंग स्कोपमधून लगेच दिसतो. छोट्या गोळीचा गवतात कुठे उडाला ते कळतच नाही. मग दुरुस्ती कशाच्या जोरावर करणार? आमच्या रॅटनला 'किंग ऑफ टू माइल्स' ही दोन मैलांपर्यंतच्या नेमबाजीची स्पर्धा भरत आलीय. दोन मैलांना बहुतेक स्कोपांचा प्रवास पुरत नाही, म्हणून बरेच जण पुढे नेम आणखी वर नेणारा प्रिझम लावतात. आणि तुमच्या स्कोपच्या ३५ पटीचं कौतुक सकाळी नऊपर्यंतच. ऊन चढलं की मृगजळात पाटी उकळत्या पाण्यासारखी हलते. मी १८ ते २० वरच मारतो.

पन्नास मीटर (कोल्हापूर)
मी .२२ वाली. स्वप्नील कुसाळेंनी २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं ते याच बोअरवर. आम्ही काडतुसाची पेटी आंधळेपणाने घेत नाही. एकाच रायफलमधून वेगवेगळे लॉट (कारखान्यात एका वेळी बनलेली काडतुसं) मारून बघतो, ज्याची भोकं जवळजवळ पडतात तोच उचलतो. तुमच्या दोघांच्या लिखाणात लॉटचा आणि वेगातल्या फरकाचा शब्दही नाही. तो मोजता का?

माळरान
ताई, मोजतो, आणि ते वर लिहायला हवं होतं. .३३८ च्या दोन फैरींच्या वेगात १० मीटर प्रतिसेकंदाचा फरक पडला, तर मैलावर त्या उभ्या रेषेत अर्ध्या मीटरहून जास्त लांब पडतात. माझ्या स्कोपचा एक क्लिक, म्हणजे टरेटची एक पायरी, तिथे १६ सेंटिमीटरचा, म्हणजे तीन क्लिकांहून मोठी चूक काडतुसाच्या पोटातच असते. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) लावल्याशिवाय मी आता लॉट घेत नाही.

'उंचावरून' दादा, डगमगण्याचा मुद्दा समुद्रसपाटीवर खरा आहे. तुमच्या रॅटनला दोन हजार मीटर उंचीची विरळ हवा आहे, तिथे .३३८ चाही वेग लांबवर टिकतो. म्हणून उलट तुमच्याकडेच मैलभरासाठी .३७५ ची गरज कमी. धुरळ्याच्या बाबतीत मात्र माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या पाटीमागे गवत आहे, पावसानंतर तर काहीच दिसत नाही. पुढच्या शनिवारी पाटीमागची पट्टी नांगरून कोरडी माती उघडी करतोय, .३३८ चा धुरळा दिसतो का ते इथेच कळवतो.

उंचावरून
नांगरा. पट्टी पाटीच्या खालीही हवी, बहुतेक गोळ्या तिथेच पडतात.