जिताड्याच्या मिनोसाठी रीळ वेगवानच हवं

खारेपाटकर

परवा खाडीवर एका नव्या मुलाला दुसऱ्याने सल्ला दिला, "जिताडा हळू खेचायचा मासा आहे, पीजी रीळ घे." पीजी म्हणजे कमी वेगाचं. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

बोलतोय ते जर्क मिनोबद्दल, म्हणजे झटके देऊन खेळवायच्या माशासारख्या खोट्या आमिषाबद्दल. पाण्यात मध्येच तरंगत स्थिर राहणारा मिनो, दोन झटके, मग पॉज. या खेळात मिनो हलवतो तो रॉड. रिळाचं काम एकच, झटक्यानंतर सैल पडलेली दोरी उचलणं. माझ्या रिळाच्या स्पूलवर (दोरी गुंडाळायच्या चकतीवर) ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, काठोकाठ भरली की व्यास ५ सेंमी होतो, म्हणजे घेर १५.७ सेंमी. ६.२:१ च्या गिअरला (हँडलच्या एका फेरीत दोरीचे ६.२ वेढे) हँडलच्या एका फेरीत ९७ सेंमी दोरी येते, ४.४:१ ला ६९ सेंमी. रॉडचं टोक ४० सेंमी खाली झटकलं, तर वेगवान रिळावर अर्ध्या फेरीच्या आत दोरी परत हातात. हळू रिळावर हँडल अर्ध्याच्या पुढे जातं, आणि पुढचा झटका देताना मनगट अवघडतं.

जिताडा बहुतेक वेळा पॉजमध्येच घेतो. ती "टप्" सैल दोरीवर कळत नाही.

मुचकुंदी

दादा, हिशोब बरोबर आहे, पण त्यातून काढलेला अर्थ मला पटत नाही. मिनो डावी-उजवीकडे उसळतो तो दोरीत थोडी ढील असते म्हणून. झटका ढिलाईवर बसला की मिनोचं तोंड वळतं. दोरी कायम ताणलेली असेल तर तो सरळ पुढे ओढला जातो, बस्स. वेगवान रीळ हातात आलं की माणूस नकळत जास्त गुंडाळतो. मी स्वतः दोन वर्षं हेच करत होतो. पॉज घेतोय असं मला वाटायचं आणि मिनो मात्र वीत-वीत पुढे सरकत असायचा. निवळ पाण्यात जेट्टीवरून खाली बघितलं तेव्हा कळलं. ५:१ च्या आसपासच्या गिअरचं रीळ घेतलं आणि हात आपोआप शांत झाला.

खारेपाटकर

ढील हवी हे मान्य. पण किती ढील ठेवायची ते मी ठरवणार, पाणी नाही. ओहोटीचं पाणी सेकंदाला अर्धा मीटर धावतंय आणि तुम्ही प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकलंय असं धरा. ३ सेकंदांच्या पॉजमध्ये दीड मीटर दोरी सैल होते. माझ्या रिळावर ती दीड फेरीत येते, ४.४ वर सव्वादोन फेऱ्या लागतात. तेवढ्यात जिताड्याने मिनो तोंडात घेऊन थुंकलेलाही असतो.

शिवाय मासा लागल्यावर काय? जिताडा पाण्याबाहेर येऊन तोंड उघडं टाकून डोकं झाडतो. तुमच्याकडे धावत आला आणि दोरी सैल पडली तर त्याच झाडण्यात हुक निघतो. असे तीन मासे मी हळू रिळावर गमावले. एक तर अगदी पायाशी आला होता, कल्ल्यांचा लाल रंग दिसला इतका जवळ.

चणकप्रेमी_गोवा

आमच्याकडे जिताड्याला चणक म्हणतात. मी मुचकुंदींच्या बाजूने आहे, कारण मात्र वेगळं. आमच्या खाड्यांत चणकाच्याच जागी तांबोशी बसलेली असते, खडपाच्या फटीत, कालवांच्या गठ्ठ्यात, तिवराच्या मुळांत. मिनो ती पण घेते, आणि घेतल्याक्षणी घराकडे वळते. पहिल्या दोन सेकंदांत तिचं डोकं वळवायचं असतं. वेगवान गिअरवर तेव्हा हँडल जड होतं, फिरतच नाही. माझा ४० पौंडाचा लीडर (मिनोजवळचा दोरीचा जाड तुकडा) कालवांवर कापला गेला तो याच कारणाने. खोल जाणारा मोठ्या ओठाचा मिनो असेल तर मासा नसतानाही तास-दोन तासांत मनगट दुखतं.

खारेपाटकर

ताई, मोठ्या ओठाच्या मिनोचं मान्य, तिथे मीही ५ चं रीळ लावतो. पण तांबोशीला रिळाने ओढायचंच कशाला? ड्रॅग (दोरी सुटू न देणारा रिळाचा ब्रेक) घट्ट, रॉडने उचला आणि रॉड खाली येताना गुंडाळा. उचलायला ताकद रॉडची लागते, गुंडाळायला वेग रिळाचा. हँडल जड वाटत असेल तर लांब हँडल बसवून बघा, बराच फरक पडतो.

चणकप्रेमी_गोवा

रॉड उचलून खाली आणायला जागा आणि वेळ लागतो. होडीतून, मुळांपासून दोन मीटरवर, तो वेळ मिळत नाही. तिथे रॉड वाकलेला ठेवून हँडलनेच खेचावं लागतं. तुम्ही मोकळ्या काठावरून गरवता, मी तिवरात. फरक तिथेच आहे.

जुना_गरीवाला

पोरांनो, मी तीस वर्षं हातगरीवर तंगूस आणि जिवंत कोळंबी वापरली, रीळ आत्ता घेतलं. तुमचा वाद वाचून एक सांगावंसं वाटतं. मासा कुठे आहे हे आधी ठरवा. खारबंदिस्तीच्या (खाडीकाठच्या बांधाच्या) उघाडीतून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, सुकतीला पाणी बाहेर पडतं, त्याच्याबरोबर कोळंबी आणि बोयटं येतात, आणि जिताडा तोंडाशी वाट बघत उभा राहतो. तिथे मिनो जवळजवळ एकाच जागी थरथरत ठेवायचा असतो. पाणीच त्याला खेळवतं. असल्या जागी मला हळू रीळ बरं वाटलं. आणि लीडर दर माशानंतर बोटाने चाचपा, जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते.

अजून एक, विषय थोडा बाजूचा आहे. जिताडा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. मोठा लागला तर ती बहुधा अंडी घालणारी असते. फोटो काढा आणि सोडा.

मुचकुंदी

काकांचं शंभर टक्के. उघाडीच्या तोंडाशी तुम्ही प्रवाहाच्या उलट ओढता, दोरी आपसूक ताणलेली राहते. खारेपाटकरदादांचं दीड मीटरचं गणित तिथे लागूच होत नाही.

नवा_गडी

माझ्याकडे एकाच रिळाचे पैसे आहेत. अर्धा वेळ खाडीत, अर्धा वेळ समुद्राच्या खडकांवर जातो. काय घेऊ?

खारेपाटकर

६ च्या पुढचं घे. वेगवान रीळ हळू फिरवता येतं, हळू रीळ एका मर्यादेपलीकडे पळवता येत नाही. एचजी, एक्सजी या रिळावरच्या वेग सांगणाऱ्या अक्षरांवर जाऊ नकोस, कंपनी आणि साइझ बदलली की आकडा बदलतो. एका फेरीत किती सेंमी येते ते बघ. आणि स्पूल काठोकाठ भर. दोरी कमी भरून व्यास ४.४ सेंमीवर आला तर तेच ६.२ चं रीळ ९७ ऐवजी साधारण ८६ सेंमी देतं.

मुचकुंदी

वेगवान रीळ हळू फिरवता येतं हे खरं, पण नव्या माणसाकडून ते होत नाही. घेतलंसच तर पहिले आठ दिवस मासा विसर. निवळ पाण्यात मिनो डोळ्यांसमोर ठेव, पॉज घे, आणि तो खरंच थांबतो का ते बघ. थांबत नसेल तर ५ चं घे.