विमान देखभालीची नोकरी आणि उशिरा लागलेली लेखनाची ओढ: दोन्ही कसे सांभाळावे?

रात्रपाळी:
नमस्कार. मी गेली चौदा वर्षे मुंबई विमानतळावर विमान देखभाल अभियंता म्हणून काम करतो आणि त्यांतील बहुतेक वर्षे रात्रपाळीतच गेली आहेत. शेवटची उड्डाणे संपवून विमाने परतली की आमचे काम सुरू होते आणि पहाटेच्या पहिल्या उड्डाणापूर्वी टेक लॉगवर (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीवर) सही करून विमान सोडायचे असते. लेखन म्हणजे माझ्यासाठी इतकी वर्षे हा लॉगच होता: वैमानिकाने नोंदवलेला स्नॅग म्हणजे बिघाड, त्यावर केलेले काम, मॅन्युअलमधील संदर्भ, बदललेल्या भागाचा क्रमांक आणि खाली सही. ‘जे लिहिले नाही, ते केलेच नाही’ हे वाक्य शिकाऊ असल्यापासून कानांवर पडत आले आहे.

गेल्या वर्षी जुलै महिन्यात एका विमानाला उतरताना पक्षी धडकला. टॉर्च घेऊन इंजिनाच्या तोंडाशी वाकलो, तेव्हा पंख्याच्या एका पात्याच्या मुळाशी तपकिरी रंगाचे ओले, पण अखंड पीस चिकटलेले दिसले. बोरोस्कोपने आतपर्यंत तपासणी केली, कोठेही खोक पडलेली नव्हती, आणि लॉगमध्ये तीन ओळींची नोंद करून मी विमान सोडले. सकाळी अंधेरीहून विरारकडे जाणारी रिकामी लोकल पकडली आणि त्या पिसाविषयी मोबाइलवर लिहू लागलो, तो विरार येईपर्यंत थांबलोच नाही. तेव्हापासून लिहिल्याशिवाय चैन पडत नाही.

अडचणी अशा की, माझी वाक्ये लॉगसारखीच उतरतात (‘तपासले. आढळले. साफ केले.’) आणि रात्रपाळीनंतर डोके चालत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, लिहिणाऱ्या माणसाचे कामावरचे लक्ष उडते, असे एका वरिष्ठांनी मला तोंडावर सांगितले आणि ते मनाला फार लागले. आपल्यापैकी कोणी या वाटेने गेले असल्यास मार्गदर्शन करावे.

निवृत्त मनोरा:
मी हवाई वाहतूक नियंत्रक होतो. आमच्या बोलण्यातील शब्दही ठरलेले असतात, कारण एका सूचनेचे दोन अर्थ निघाले तर दोन विमाने एकाच धावपट्टीवर येऊ शकतात; आणि मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या तर एकमेकींना छेदतात. अशा भाषेत तीस वर्षे काढल्यावर निवृत्तीनंतर मी लिहायला बसलो, तेव्हा मलाही तुमच्यासारखेच वाटले होते. आता मात्र माझे मत वेगळे आहे. ती तुटक, नेमकी वाक्ये टाकून देऊ नका. ‘तपासले, आढळले’ यांत खोट काहीच नाही. फक्त तपासणारा माणूस त्यातून गळलेला आहे. ज्या गोष्टीसाठी लॉगमध्ये रकाना नव्हता, तेवढीच तुम्हाला भरायची आहे. ते पीस तुम्ही कोणत्या हाताने काढले, ते कोठे ठेवले, शेजारी उभा असलेला मदतनीस काय म्हणाला?

फ्रेंच लेखक आंत्वान द सेंत-एग्झुपेरी हे टपाल विमानांचे वैमानिक होते. 1927 मध्ये त्यांना सहारा वाळवंटाच्या समुद्राकडील टोकाला, कॅप ज्युबी येथील तळावर प्रमुख म्हणून पाठवण्यात आले. वाळवंटात उतरावे लागलेल्या वैमानिकांना सोडवून आणणे हे तेथील कामांपैकी एक होते, आणि त्याच तळावरच्या एकाकी रात्रींत त्यांनी आपली पहिली कादंबरी लिहिली, जी 1929 मध्ये प्रसिद्ध झाली. ते लेखन नोकरीतूनच आले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

उजवी खुर्ची:
मी सहवैमानिक आहे आणि तुमच्या वरिष्ठांच्या बोलण्याविषयीच लिहिते. कादंबरीकार नेव्हिल शूट यांचे पूर्ण नाव नेव्हिल शूट नॉर्वे. ते विमान अभियंता होते आणि आर-100 या वायूच्या आधारे तरंगणाऱ्या ब्रिटिश हवाई जहाजाच्या रचनेची गणिते करणाऱ्या चमूचे प्रमुख होते. दिवसा गणिते आणि संध्याकाळी कादंबरी असा त्यांचा क्रम असे. कादंबऱ्या लिहिणारा अभियंता आपल्या कामाबाबत गंभीर नसेल असे लोकांना वाटेल, या काळजीपोटी त्यांनी आडनाव गाळून पहिल्या दोन नावांनीच पुस्तके प्रसिद्ध केली. त्यांची पहिली कादंबरी 1926 मध्ये आली आणि 1930 मध्ये आर-100 कॅनडाला जाऊन सुखरूप परतले, तेव्हा ते स्वतः त्या जहाजावर होते. म्हणजे तुम्हाला ऐकावा लागलेला आक्षेप शंभर वर्षे जुना आहे. टोपणनाव घ्यावेसे वाटल्यास त्यात कमीपणा मानू नका.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगते. लिहिण्यासाठी झोपेतला वेळ कापू नका. पहाटे दोन ते सहा या वेळेत शरीराची सतर्कता सर्वांत कमी असते आणि तुमच्या सह्या नेमक्या त्याच वेळेत होतात. रात्रपाळीच्या दिवशी चार शब्द टिपून ठेवा आणि सुट्टीच्या दिवशी झोप पूर्ण करूनच लिहायला बसा. तसेच, तपास चालू असलेल्या घटनेवर काहीही लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अपघाताच्या तपासाचा हेतू दोष कोणाचा हे ठरवण्याचा नसतो, पुढचा अपघात टाळण्याचा असतो, आणि बाहेर अर्धवट लिहिले गेले की आतले लोक मोकळेपणाने बोलायचे थांबतात. कंपनीने प्रसिद्धीविषयी घातलेल्या अटीही एकदा नीट वाचून घ्या.

अंकाची ताई:
मी एका लहान दिवाळी अंकाचे संपादन करते. 1909 मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या अंकांनी नोकरी सांभाळून लिहिणाऱ्या कितीतरी माणसांना वाचक मिळवून दिले आहेत. आमच्याकडे साहित्य पावसाळ्यातच गोळा होते, त्यामुळे दसऱ्याला पाठवलेला लेख कितीही चांगला असला तरी घेता येत नाही. आपल्या क्षेत्रातील शब्दांना घाबरू नका आणि ‘बोरोस्कोप’ची व्याख्याही देऊ नका. कॅमेऱ्याची बारीक नळी इंजिनात सरकवताना तुम्ही श्वास कसा रोखून धरता ते लिहिलेत, की वाचकाला तो शब्द आपोआप कळेल. पिसावरचा लेख मला वाचायला नक्की आवडेल.

रात्रपाळी:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. आज सुट्टी होती, म्हणून सात तास झोपून मग लिहायला बसलो. लेखातून विमानाचा नोंदणी क्रमांक आणि तारीख काढून टाकली. मदतनीस मुलगा त्या वेळी म्हणाला होता, “सर, हे फेकू नका,” आणि मी ते पीस पुसायच्या फडक्यात गुंडाळून त्याच्या हाती दिले होते. हे पहिल्या खर्ड्यात नव्हतेच; आज लिहिले.