'काका बसले' म्हणजे नक्की काय झालं?

दारव्ह्याहून प्रश्न:
मागच्या डिसेंबरात नगरपरिषदेची निवडणूक झाली, तेव्हाची गोष्ट. अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी घरच्या ग्रुपवर मी दोनच शब्द टाकले, 'काका बसले.' अर्ध्या तासात पुण्याच्या आतेभावाचा फोन. 'अभिनंदन! मतदानाआधीच? बिनविरोध का?' इकडे काका ओसरीवर पाठ करून बसलेले, चहा तसाच थंड झालेला. आमच्याकडे बसला म्हणजे मैदान सोडलं. हा अर्थ वऱ्हाडापुरताच आहे की सगळीकडे चालतो?

मंगरूळपीरहून:
चालतो सगळीकडेच. तुमच्या भावाने गावातली निवडणूक जवळून पाहिली नसावी, एवढंच. इथे उमेदवार उभा राहतो, बसतो, नाहीतर पडतो. खरी गंमत प्रयोजक रूपात आहे. 'उभा राहिला' यात त्याची स्वतःची हौस. 'उभा केला' म्हटलं की मागे दुसराच कोणी आहे, बहुतेक मतं खायला. 'पडला' म्हणजे मतं कमी मिळाली, 'पाडला' म्हणजे आपल्याच लोकांनी दगा दिला. आमच्या पानठेल्यावर ऐकलेलं जसंच्या तसं देतो:
'तुमचा उभाच हाये का बसला जी?'
'बसला नाई, बसवला.'
सुपारी कातरणाऱ्याने मानही वर केली नाही. पुढे कोणी काही विचारलं नाही. त्या एका 'व'मध्ये मामाची मध्यस्थी, पुढच्या वेळचा शब्द आणि आणखी काय काय आलं ते ज्याने त्याने समजून घ्यायचं.

हिंगणघाटहून:
पुण्याचे भाऊ पूर्ण चुकले असं मी म्हणणार नाही. 'औंदा अध्यक्ष कोन बसला?' असंही आपण विचारतोच की. तिथे बसणं खुर्चीवरचं. नगराध्यक्ष नगरसेवकांमधून निवडला जायचा तेव्हा हा प्रयोग अगदी चपखल होता. मेंबरं सहलीला न्यायची, सभेच्या दिवशी थेट गाडीतून उतरवायची आणि अध्यक्ष 'बसवायचा'. २०१६ मध्ये निवड थेट जनतेतून झाली, २०२० मध्ये ते फिरवलं, २०२२ मध्ये पुन्हा थेट केलं. कायदा असा उठबशा काढत असताना लोकांनी क्रियापद किती वेळा बदलायचं? आता थेट मतावरचा अध्यक्ष 'निवडून येतो', पण उपाध्यक्ष अजूनही सदस्यच निवडतात. म्हणून आमच्याकडे उपाध्यक्ष अजून 'बसवतात'. एकाच निवडणुकीत नोव्हेंबरात बसलेला घरी जातो आणि निकालानंतर बसलेला खुर्चीवर जातो. संदर्भ कळला नाही तर अभिनंदन करणाऱ्याचा काय दोष?

वरुडहून:
थोडं विषयांतर. काका मेंबरीला होते का अध्यक्षाला? आणि हा 'मेंबर' कोणी शब्दकोशात घेतला आहे का? निवडणुकीच्या कागदावर 'सदस्य', पोस्टरवर 'नगरसेवक', तोंडात मात्र 'मेंबर'. माझ्या आजीच्या तोंडी 'नगरसेवक' मी एकदाही ऐकला नाही. सेवक म्हटलं तर ती अंगणात झाडणारा माणूस शोधेल. एक खटकतं. वार्ड महिलेसाठी राखीव, निवडून बाई आली, तरी चौकात 'मेंबर' अशी हाक नवऱ्यालाच. आणि तिला मेंबरीण! पाटलीण, मास्तरीण म्हणतो त्या चालीवर, म्हणजे मेंबराची बायको. इथे शब्द उलटा चालतो आहे आणि मला तरी त्यात भाषेपेक्षा आपलाच दोष दिसतो.

दारव्ह्याहून पुन्हा:
काका मेंबरीलाच होते. प्रभागात दोन जागा, त्यातल्या सर्वसाधारण जागेवर घरातलेच दोघं उभे, म्हणून थोरल्याने बसायचं ठरलं. तुमची उत्तरं त्यांना वाचून दाखवली. मेंबरीणीवर काकू हसल्या, काका नाही. 'बसवला' आला तिथे मला थांबवून म्हणाले, 'बसलो नाई बे, जरासा टेकलो. पुढच्या खेपेला उठतो.'