वायफाय प्रिंटर सारखा ऑफलाईन होतोय, मदत हवी आहे

मंडळी, जरा मदत हवीये. लॅपटॉपवर विंडोज ११ आहे आणि प्रिंटर वायफायवर. चालू केल्या केल्या पहिली एक-दोन पानं मस्त येतात, मग तासाभराने परत प्रिंट द्यायला गेलं की लॅपटॉप म्हणतो ऑफलाईन, आणि प्रिंटरवरचा वायफायचा निळा दिवा मात्र आरामात चालू, म्हणजे त्याच्या मते सगळं आलबेल! त्याच वेळी मोबाईलवरून दिली तर प्रिंट निघते, त्यामुळे प्रिंटर किंवा राऊटर बिघडलाय असं काही वाटत नाही.

प्रिंटर काढून परत ॲड केला, ड्रायव्हर नवा टाकला, प्रिंट स्पूलर (विंडोजमध्ये प्रिंटची रांग सांभाळणारी सेवा) रीस्टार्ट केला. तेवढ्यापुरतं चालतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. राऊटरच्या पेजवर बघितलं तर प्रिंटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मधेच बदलतोय, आणि लॅपटॉपमध्ये पोर्ट्स टॅबला डब्ल्यूएसडी पोर्ट (विंडोज नेटवर्कवरचा प्रिंटर आपोआप शोधून जोडतं तो) दिसतोय, माझा संशय इथेच आहे.

आता राऊटरमध्ये आयपी रिझर्व्ह करून (म्हणजे तो बदलणार नाही) त्याच आयपीवर जोडणारा टीसीपी/आयपी पोर्ट नवा बनवावा म्हणतोय. पण त्या पोर्टच्या सेटिंगमध्ये एसएनएमपी स्टेटसची (प्रिंटरची स्थिती नेटवर्कवरून तपासायची) टिक असते ती काढू की ठेवू? ती असली की काही प्रिंटर चालू असूनही ऑफलाईन दिसतात म्हणे.

अजून एक, प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि लॅपटॉप ५ वर असतो, राऊटर एकच असला तरी याने फरक पडतो का? की हे सगळं प्रिंटरच्या स्लीप मोडमुळे होतंय? कोणी हे निस्तरलं असेल तर सांगा, फक्त केबल लाव असं नका सांगू, प्रिंटर दुसऱ्या खोलीत आहे 😅